अनुदान कोणाचे, निर्णय कोणाचा?

सरकारी योजनेतील दोष लोकांना विचारून शोधावेत, हे आता सर्वच पक्षांना मान्य झाले आहे. ‘जनतेच्या सूचना मागविल्या आहेत’ असे सांगितल्याखेरीज कोणत्याही मंत्र्याचे भाषण पुरे होत नाही. परंतु त्या सूचनांमुळे पैशाच्या वाटपाची रीत बदलते काय, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर केरळचा अनुभव कार्यकर्त्यांनी बारकाईने तपासावा, असे आम्हांस वाटते.

१७ ऑगस्ट १९९६ रोजी केरळातील डाव्या आघाडीच्या सरकारने लोकयोजना मोहीम सुरू केली. राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला आणि तीतील मोठा भाग मोकळे अनुदान म्हणून देण्यात आला. कोणती कामे घ्यावयाची याची चर्चा ग्रामसभांत सुरू झाली. वीस लाखांहून अधिक माणसे या पहिल्या फेरीत सहभागी झाली.

उणिवा पहिल्याच वर्षी उघड झाल्या. प्रभागाची ग्रामसभा म्हणजे हजार-दोन हजार मतदारांची सभा. तीत शेतमजूर स्त्रीने उठून बोलावे तरी कसे? या अनुभवातून अनेक पंचायतींत चाळीस-पन्नास कुटुंबांचे शेजारगट उभे राहिले. गावांनी केलेले कित्येक प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या कच्चे निघाले. अशा वेळी नोकरशाहीचा नेहमीचा उपाय ठरलेला असतो : लोकांना समजत नाही, सबब अधिकार परत घ्यावेत. केरळने निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक यांना स्वयंसेवक म्हणून पाचारण केले आणि एक अट घातली. प्रकल्पातील तांत्रिक दोष त्यांनी दुरुस्त करावेत. गावाने ठरविलेल्या कामांचा अग्रक्रम बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. तज्ज्ञाचे स्थान लोकशाहीत कोणते, याचे इतके स्पष्ट उत्तर आपल्याकडे क्वचितच दिले गेले आहे.

स्त्रियांसाठी १० टक्के रक्कम राखावी, ही प्रथम केवळ अपेक्षा होती. ती पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली, तेव्हा पुढे ती सक्तीची करण्यात आली. लाभार्थी निवडताना वशिलेबाजी होते, ही तक्रार सर्वत्र होती. त्यावर निवडीचे निकष व गुण आधी जाहीर करण्याची पद्धत आली, आणि १९९९ च्या कायदादुरुस्तीने लाभार्थ्यांच्या यादीत ग्रामसभेच्या अग्रक्रमाला कायद्याचे बळ मिळाले. सहभागी झालेल्यांच्या तक्रारीतून नियम घडतो, तो असा.

या मोहिमेचे केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे ग्रामसभांची उपस्थिती घसरली. लाभाची आशा असणारेच अधिक येऊ लागले, मध्यमवर्ग दूर राहिला, आणि आदिवासी व मच्छीमार समाजांपर्यंत ती पुरेशी पोचली नाही. तरीही २००१ मध्ये सत्तांतर होऊन मोहिमेचे नाव बदलले, तेव्हा स्थानिक संस्थांना पैसा देण्याची पद्धत मोडण्याचे धाडस नव्या सरकारला झाले नाही. लोकांच्या हाती एकदा गेलेला अधिकार काढून घेणे सोपे नसते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. त्याच्या विनियोगात ग्रामसभेचा शब्द मोलाचा मानला गेला आहे. २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. म्हणजे चौकट उपलब्ध आहे. तीत जीव ओतण्याचे काम शासन निर्णय करू शकत नाहीत. पाड्यावरची माणसे बोलू लागली नाहीत, तर मोकळा निधीही ठेकेदाराच्या सोयीने खर्च होतो, आणि आराखडा तयार करणारा ग्रामसेवकच गावाचा आवाज ठरतो.

म्हणून अनुसूचित क्षेत्रातील आपल्या कार्यकर्त्यांनी यंदाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी प्रत्येक पाड्यावर बैठक घ्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत. कामांची व लाभार्थ्यांची यादी सर्वांना दिसेल अशा जागी लागली काय? झालेल्या खर्चाची बिले ग्रामसभेत वाचून दाखविली काय? आणि मागील वर्षी लोकांनी केलेली तक्रार यंदाच्या आराखड्यात कोठे दिसते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत ग्रामसभा उठू देऊ नये.