आरसी बुकावर नाव तुमचं, मग लायसन कुणाचं?

मैत्रिणींनो, घरात ट्रॅक्टर असेल तर आज एक काम करा. कपाटातली कागदांची पिशवी काढा आणि आरसी बुकावर नाव कुणाचं आहे ते बघा. बऱ्याच घरांत ते नाव बाईचं निघेल. त्याला कारणही आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनेत अनुसूचित जाती-जमाती, अल्प-अत्यल्प भूधारक आणि महिला यांच्यासाठी अनुदानाचा दर ५० टक्के ठेवला गेला आणि बाकीच्यांसाठी ४० टक्के. (रकमेला अर्थात कमाल मर्यादा आहेच.) मग घरात हिशोब झाला, ‘‘तुझ्या नावानं अर्ज भरू या, जास्त मिळतंय.’’ तुम्ही सही केलीत. ट्रॅक्टर आला, हार घातला, पेढे वाटले. चावी मात्र गेली मुलाकडे, दिराकडे, नाहीतर पगारी ड्रायव्हरकडे.

आमच्या घरीही असंच आहे. ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे आणि उसाच्या हंगामात तो दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या वाटेवर असतो. म्हणून हा विषय मी जरा खोलात जाऊन समजून घेतला. त्यातून एक गोष्ट स्वच्छ कळली. कागदावरचं नाव नुसतं अनुदानापुरतं नसतं. उद्या काही बरंवाईट झालं तर कायदा पहिल्यांदा त्याच नावाला हाक मारतो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे ती व्यक्ती. हप्ते कोण भरतो, स्टिअरिंगवर कोण बसतो, हा प्रश्न नंतरचा. २०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. लायसन नसलेल्या माणसाला गाडी चालवू दिली तर मालकाला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. ‘मला न विचारता नेला’ हे नुसतं सांगून भागत नाही, ते मालकाला सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे नववी-दहावीतला पोरगा ट्रॅक्टर चालवतो म्हणून कौतुक करायची पद्धत आहे. बांधाच्या आत ते कौतुकच असेल, पण डांबरी रस्त्याला चाक लागलं की तो गुन्हा होतो.

आता विम्याचं बघू. ‘‘विमा भरलाय की, कंपनी बघून घेईल,’’ असं घरोघरी ऐकू येतं. पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं स्वर्णसिंग खटल्यात जे सांगितलं, ते प्रत्येक ट्रॅक्टर-मालकिणीनं लक्षात ठेवावं. ड्रायव्हरकडे योग्य लायसन नसेल तरी अपघातात सापडलेल्या तिसऱ्या माणसाला भरपाई मिळावी, त्याचा त्यात काय दोष? पण मालकानं जाणूनबुजून किंवा हयगय करून अशा माणसाच्या हाती गाडी दिली असेल, तर कंपनी ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे तुमच्याकडून! याच निकालाची दुसरी बाजू दिलाशाची आहे. मालकानं लायसन बघून, खात्री करून ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला हयगय म्हणता येत नाही. तेव्हा ड्रायव्हर ठेवताना त्याच्या लायसनची झेरॉक्स घ्या, मुदत बघा, परिवहन खात्याच्या वेबसाइटवर नंबर टाकून खातरजमा करा आणि तो कागद पिशवीत जपून ठेवा.

ट्रॉलीचीही गोष्ट अशीच. ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो आणि विमाही लागतो. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात ब्रिजमोहन नावाच्या मजुराचा खटला गाजला. तो वीटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॉलीवर बसला होता, पडला आणि जबर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीचा नव्हताच. न्यायालयानं सांगितलं, कायद्यानं कंपनी जबाबदार नाही. मजुराच्या गरिबीकडे बघून कंपनीनं पैसे आधी द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा खास आदेश मात्र दिला. आता आपल्याकडे बघा. कागद शेतीकामाचा, आणि धंदा कारखान्याच्या भाड्याचा. पॉलिसीवर काय लिहिलंय ते कधी वाचलंय का आपण?

मग लायसन कोणतं हवं? इथं बराच गोंधळ होता. २००१च्या नागशेट्टी खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की ट्रॅक्टरचं लायसन असलेला माणूस मागे ट्रॉली जोडली म्हणून नालायक ठरत नाही. २०१७च्या मुकुंद देवांगन निकालानं आणि पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन चालतं, वेगळा शेरा लागत नाही. शेतीचा ट्रॅक्टर एकटा दोन-अडीच टनांचा, त्यामुळे तोही हलक्या वाहनातच बसतो. पण भाड्याची वाहतूक असेल, मागे दोन-दोन ट्रॉल्या असतील, तर घरातल्या घरात अंदाज बांधू नका. आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मालवाहतुकीचं लायसन काढायचं तर वय २० पूर्ण हवं, एलएमव्ही लायसन वर्षभर जुनं हवं आणि डॉक्टरचा दाखला हवा. ते पाच वर्षांनी नवं करावं लागतं.

कायद्याचं एवढं पुरे. कारण खरा जीव जातो तो रस्त्यावर. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो. ओढणारा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळं ओझं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या ब्रेकनं. उतारावर ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलायला लागते. मग ब्रेक मारला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. चढावर उलटं घडतं, मागचं ओझं ओढताना पुढची चाकं उचलतात, आणि पुढची चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंग निकामी.

आता गंमत बघा. पक्क्या लायसनची परीक्षा कशी घ्यावी हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवलंय. त्यात उतारावर लगेच खालचा गिअर टाकता येतो का, चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुन्हा काढता येते का, रस्त्यावर योग्य जागी थांबवता येते का, हे सगळं तपासायला सांगितलंय. म्हणजे ज्या चुकीनं ट्रॅक्टर उलटतो, तीच चूक परीक्षेत पकडायची सोय आहे. पण आपण परीक्षाच टाळतो. महाराष्ट्रात २०२१पासून शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. सोय चांगली आहे. पण मुलाच्या जागी दुसऱ्याच कुणी बटणं दाबली, तर लायसन हातात येतं आणि चिन्हं डोक्यात येत नाहीत. एजंटाला पैसे देऊन पास झालेला मुलगा उताराला मात्र पास होत नाही हो.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात वळायला ते सोयीचं. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीनं जोडून घ्यायचे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गिरकी घेतो. ट्रॉलीची पिन घातल्यावर तिला लॉक लावायचं, वर साखळी बांधायची. टेप मोठ्यानं लावायचा नाही, कारण मागून हॉर्न दिलेला ऐकू येत नाही. यातलं काहीही पैशाचं काम नाही.

रात्रीचा हिशोब तर अगदी साधा आहे. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चाललाय, मागून मोटारसायकल ८०नं येतेय. फरक ६०चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. मागे ना दिवा, ना रेडियम. उसाचे काळे शेंडे अंधारात मिसळून जातात. त्या मुलाला ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात फक्त तीन सेकंद उरतात. लाल रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या मागे, पांढरी पुढे, पिवळी बाजूला, एवढं केलं तर ट्रॉली कितीतरी लांबून दिसते. पट्टीवर उसाचा पाला येऊ द्यायचा नाही आणि रोज फडक्यानं पुसायची. बंद पडलेल्या ट्रॉलीभोवती दगड लावतात, काम झाल्यावर तेच दगड रस्त्यात सोडून जातात. त्या दगडांनीही माणसं मेली आहेत. त्रिकोणी रिफ्लेक्टर जवळ ठेवला तर दगडांची गरजच पडत नाही.

आणि ट्रॉलीवर बसणाऱ्या बायका? दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या निघतात. भांडीकुंडी, लेकरं, कोयते घेऊन बाया ट्रॉलीत बसून शेकडो किलोमीटर येतात. फडातून परतताना उसाच्या मोळ्यांवर बसतात, कुणी मडगार्डवर. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२च्या आशा राणी निकालात सांगितलंय. म्हणजे ती बाई पडली तर तिच्या हातात विम्याचं काहीच नाही. ट्रॅक्टरला सीट एकच असते, ड्रायव्हरची. टोळीसाठी वेगळी गाडी करायला पैसे लागतात, हे मला ठाऊक आहे. पण ट्रॅक्टर माझ्या नावावर असेल तर ‘मोळीवर बाई बसणार नाही’ हे सांगायचा हक्कही माझाच आहे.

यातून एक पाऊल पुढे टाकावंसं वाटतं. आपणच का लायसन काढू नये? पूर्वी मालवाहतुकीच्या लायसनला आठवी पास लागायचं. ती अट २०१९ साली निघाली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी जणींची वाट मोकळी झाली. नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर ट्रक चालवू लागल्या आणि देशभर माल नेऊ लागल्या. २०२३ साली आपल्या एसटीच्या स्टिअरिंगवरही बाया दिसल्या. मी स्वतः परीक्षेला बसले तेव्हा रांगेत मी एकटीच बाई होते. साहेबांनी चढावर थांबवून पुन्हा काढायला लावलं. गाडी मागे सरकली नाही. तेव्हापासून आमचा ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल करतो का, हे मला नुसतं आवाजावरून कळतं. रोज ट्रॉली ओढायची नसेल तरी एवढं कळण्यासाठी लायसन काढायला हवं.

तेव्हा या हंगामाआधी घरात चार गोष्टी विचारा. चालवणाऱ्याचं लायसन चालू आहे का? ट्रॉलीचा विमा आहे का, आणि तो भाड्याच्या कामाला चालतो का? मागे दिवा आणि रेडियम आहे का? वर कुणी बसतं का? कुणी म्हणेल, ‘‘तुला काय करायचंय त्यातलं?’’ तर आरसी बुक पुढे ठेवा आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगा.