आधी कुणाचा फोन खाली?

काशीदच्या किनाऱ्यावर सूर्य टेकला की सुरूच्या बनातून माणसं वाळूवर येतात आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहतात. सेल्फीत सूर्य मागेच लागतो ना! परवा तिथे एक गृहस्थ दहा-बारा वर्षांच्या मुलाला दटावत होते, "एवढ्या लांब आलो, आता तरी मोबाईल ठेव, समुद्र बघ." स्वतःची नजर मात्र हातातल्या फोनवर. मुलाने मुकाट्याने मोबाईल खिशात टाकला, बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर काढला.

त्याचं काय चुकलं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे २०२२ मध्येच ओळखलं. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी हाती आलेला मोबाईल शाळा भरू लागल्यावरही सुटेना, तेव्हा गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. एकट्या मुलांचे नव्हे, सगळ्या घराचे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी आणि मोडल्यास २०० रुपये दंड असा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली. कळकळ तिन्हीकडे सारखीच. पण मोठ्यांना हात लावण्याचं धाडस एका वडगावनेच केलं.

वेळही त्यांनी नेमकी धरली. सात म्हणजे दिवेलागण. एके काळी या वेळेला घराघरांत शुभंकरोती आणि पाढ्यांचा परवचा चाले, आणि शेजारी आजोबाही मांडी घालून बसलेले असत. मुलांना सवय लागायची ती त्या बसण्याने, उपदेशाने नव्हे.

काशीदला दोन दिवस येणाऱ्यांना वेगळा भोंगा कशाला हवा? सूर्य पाण्याला टेकला की झालं. तिथपासून जेवणापर्यंत सगळ्यांचे फोन एका पिशवीत. इथला किनारा पाहता पाहता खोल होतो. पाण्यात उतरलेल्या पोरावर डोळे हवेतच, ते तरी मोकळे होतील. फक्त क्रम चुकवू नका. पिशवीत पहिला फोन बाबांचा, दुसरा आईचा. तिसरा मग फारसा मागावा लागणार नाही.