ग्रुपमधल्या एकाकडे स्कूबाचं कार्ड आहे, म्हणजे बाकीचे सेफ आहेत का?

सुट्टी लागली की पाचोऱ्यातल्या एखाद्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर मालवणचा बेत शिजायला लागतो. रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किल्ला, मासे आणि तारकर्लीला स्कूबा. पाण्याखालचं रील तर हवंच. अशा ग्रुपमध्ये हल्ली एखादा असा निघतो ज्याने नोकरीच्या शहरातून गोव्याला जाऊन स्कूबाचा कोर्स केलेला असतो. मग बाकीचे निर्धास्त होतात, "हा आहे ना सोबत!"

प्रश्न तिथेच सुरू होतो. पाण्याखाली अनुभवी माणसासोबत नवखा दिला, की नवखा सुरक्षित होतो का?

24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी 20 पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर बोटी, लाइफ जॅकेट, परवाने यांवर बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पाण्याखाली कोणाची जोडी कोणासोबत लावतात, यावर फारसं कोणी बोलत नाही.

जोडी लावतात कशासाठी?

स्कूबात एकट्याने उतरायचं नाही, हा पहिला धडा. सोबतच्या जोडीदाराला 'बडी' म्हणतात. उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचं जॅकेट, वजनाचा पट्टा, बकलं, हवा तपासायची. खाली गेल्यावर दोन-चार सेकंदांत गाठता येईल इतक्याच अंतरावर राहायचं. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरला लावलेल्या जादा रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा.

म्हणजे मदत दोन्ही बाजूंनी होईल, असं यात गृहीत धरलंय. एक मुरलेला आणि एक पहिल्यांदाच उतरणारा अशी जोडी लावली की हा हिशोब मोडतो. नवख्याला सांभाळणारा असतो, पण मुरलेल्याला काही झालं तर त्याला कोण सांभाळणार? कागदावर ती जोडी असते, पण अनुभवी माणूस खरं तर एकटाच डाइव्ह करत असतो. एकाच समुद्रात होतो म्हणून आम्ही बडी, असा विनोद डायव्हर मंडळी करतात तो यावरूनच.

हवेचं गणित

पाण्यात दर 10 मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर तो जमिनीच्या तिप्पट असतो, म्हणून तिथे हवाही तिप्पट वेगाने संपते. 12 लिटरचं, 200 बार दाबाने भरलेलं सिलिंडर धरू. त्यात 2400 लिटर हवा बसते. 50 बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला उरले 1800 लिटर. शांतपणे श्वास घेणारा वर मिनिटाला 15 लिटर घेत असेल, तर खाली 45 लिटर घेईल आणि 40 मिनिटं टिकेल. घाबरलेला नवखा वर 25 घेत असेल, तर खाली 75. त्याची हवा 24 मिनिटांत संपत येते.

नियम असा की ज्याची हवा आधी राखीव पातळीला येईल, त्याच्यासाठी दोघांनी वर यायचं. पैसे भरून आलेल्या अनुभवी डायव्हरची 16 मिनिटं इथे जातात. कुरबुर सुरू होते ती यावरूनच, आणि ती टाळण्यासाठी "तू वर जा, मी येतो" असं झालं की जोडी तुटते.

कार्डावरचा शब्द

सगळ्यात मोठी फसगत कार्डाच्या नावात आहे. पाडी या जगभर चालणाऱ्या प्रशिक्षण संस्थेचा 'ओपन वॉटर' कोर्स खुल्या पाण्यातल्या किमान चार डाइव्हवर पूर्ण होतो. त्यानंतरचा 'अ‍ॅडव्हान्स्ड' कोर्स आणखी पाच डाइव्हचा. म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड' कार्ड असलेला माणूस आयुष्यात फक्त नऊ वेळा खाली गेलेला असू शकतो. नवख्यांना सांभाळायला शिकवणारा खरा टप्पा डाइव्हमास्टरचा. त्या कोर्सला बसायलाच 40 डाइव्हची नोंद लागते आणि पूर्ण करायला 60. गोव्यात कोर्स केलेला तो मित्र बहुतेक वेळा या शिडीच्या पहिल्या पायरीवर असतो. स्वतःला सांभाळण्यापुरतं तो शिकलाय, चौघांना सांभाळायला नाही.

पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धोका?

हो, आणि हे खानदेशातल्या वाचकांसाठी महत्त्वाचं. पाचोरा-भडगावकडे कित्येकजण विहिरीत पोहायला शिकलेत. पाठीला रिकामा डबा बांधलेला आणि शेजारी एखादा पट्टीचा पोहणारा. तिथेही मुरलेला आणि नवखा अशीच जोडी, आणि ती चालते. कारण शिकवणारा एका हाताने पोराला काठावर आणू शकतो, आणि वर हवा आहेच.

पण विहिरीत बुडी मारणाऱ्याला श्वास रोखून धरायची सवय लागते. स्कूबात नेमकं तेच करायचं नसतं. 10 मीटरवर फुफ्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर धावलं तर फुफ्फुसाला इजा होते, जीवही जाऊ शकतो. घाबरलेला चांगला पोहणारा झपाट्याने वर सुटतो, आणि नऊ डाइव्हच्या मित्राला त्याला धरून ठेवणं जमेलच असं नाही.

मग मालवणला काय होतं?

पर्यटकांच्या स्कूबात बहुतेक ठिकाणी एक डायव्हर मागून तुमचं सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. खोली कमी, उपकरणं त्याच्या हातात. खरं तर ही 'जोडी' नाहीच, ही देखरेख आहे, आणि नवख्यासाठी हीच पद्धत योग्य. पाडीच्या नियमांनुसार अशा अनुभव-डाइव्हमध्ये 12 मीटरच्या खाली जायचं नाही आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त नवखे नकोत. एकास एक असेल तर उत्तमच. अडचण एवढीच की बऱ्याचदा तोच डायव्हर तुमचं रीलही शूट करत असतो. एक हात कॅमेऱ्यावर असेल तर लक्ष कुठे असणार? व्हिडिओसाठी वेगळा माणूस आहे का, हे बोटीत बसण्याआधी विचारायला काहीच हरकत नाही. माझ्यासोबत खाली कोण येणार, त्याच्याकडे कोणतं कार्ड आहे आणि तो एका वेळी किती जणांना नेतो, हेही विचारावं.

प्रशिक्षक असला तरी?

अमेरिकेत माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये 18 वर्षांच्या एका मुलीचा प्रशिक्षणाच्या डाइव्हमध्ये मृत्यू झाला. कुटुंबाने भरलेल्या खटल्यातल्या तक्रारीनुसार, एकाच प्रशिक्षकाच्या गटात वेगवेगळ्या कोर्सचे विद्यार्थी होते, मुलीच्या ड्रायसूटला हवेची नळी जोडलेली नव्हती आणि अंगावर शिशाचं वजन जास्त होतं. सोबतच्या डायव्हरने तिला वाचवायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. उतरण्याआधीच्या तपासणीत नळीची चूक दिसायला हवी होती. ती दिसायला तपासणाऱ्यालाही ड्रायसूट माहीत असावा लागतो.

चांगले डाइव्ह सेंटर म्हणून गट आधीच फोडतात. नवखे प्रशिक्षकाकडे, हवा साधारण सारखी वापरणारे एकत्र, फोटोवाले वेगळे. मिश्र जोडी लावावीच लागली तर खोली आणि वेळ सगळ्यात कच्च्या डायव्हरच्या मापाने ठरते.

सिंधुदुर्गात हा प्रश्न पुढे जास्तच येणार. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणं म्हणजे डोक्यावर छत असताना डाइव्ह करणं, थेट वर येता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. पाचोऱ्याचा तो ग्रुप पुढे कधी गुलदार बघायला गेला, तर पाचही जण एकाच खोलीवर जाणार की दोघे-तिघे बोटीतच थांबणार, हे त्यांनी निघण्याआधी ठरवलेलं बरं. बोटीवर सूट घातल्यानंतर "मी नाही उतरत" म्हणणं फार कमी जणांना जमतं.