द्राक्षाला धोरण, मोहाला पोलीस?

भात कापून झाला की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून टोळ्या दिंडोरी, निफाडला उतरतात. छाटणी, बांधणी, विरळणी, डिपिंग, सगळं आपल्याच हातानं होतं. थॉमसन आणि सोनाका आपल्याला माहीत होती. आता शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, शिराज, काबर्ने अशी नावं ऐकू येतात. ही वाईनची द्राक्षं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. ती खायची नाहीत, गाळायची. त्यांना डिपिंग नाही, विरळणीही फारशी नाही. म्हणजे या बागा वाढल्या तर आपले मजुरीचे दिवस वाढतीलच असं नाही. रोजगार येणार म्हणून टाळ्या वाजवण्याआधी हा हिशोब करा.

२००१ साली शासनानं या द्राक्षासाठी वेगळं धोरण केलं. वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला वाईन पार्क दिला. वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतीमाल, असं मोठी माणसं सांगतात. मग मोहाचं फूल काय आहे? ते आपलं अन्न आहे, औषध आहे, देवाचा मान आहे. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा धाक दाखवून त्याच्या टोपलीवरही छापा पडतो.

आम्ही दारूची बाजू घेत नाही. दारूनं आपली घरं मोडलीत, आपल्याच बायांनी भट्ट्या फोडल्यात. आमचा सवाल कायद्याच्या दोन मापांचा आहे. बाटलीला बूच असलं की उद्योग, मडक्यात असलं की गुन्हा, असं कसं?

पाण्याचंही तसंच. पाऊस आपल्याकडं धो धो पडतो, पण मार्चनंतर बाया हंडे घेऊन झऱ्यावर बसतात. खाली बागांना धरणाचं पाणी ठिबकनं मिळतं. तिथल्या शेतकऱ्याशी आपलं वैर नाही. पण आपला प्लॉट नावावर नाही, म्हणून आपल्याला ना कर्ज, ना विहीर. म्हणून तर परक्याच्या बागेत राबावं लागतं.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा, कुटुंबामागं चार हेक्टरपर्यंत, हक्क त्यात आहे. मोहासारख्या गौण वनोपजाची मालकीही आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं गावात दारूचं काय करायचं हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय.

म्हणून टोळी निघायच्या आधी ग्रामसभा घ्या. प्लॉटच्या दाव्याबरोबर सामूहिक दावाही भरा. मोहाची झाडं मोजून त्यात लिहा. दाव्याची पोच घेतल्याशिवाय मुकादमाची उचल घेऊ नका.