जमाखर्चाची वही व मनाचा लगाम

पोटभर जेवलेला कोणीही मनुष्य उठतो आणि आम्हां शेतकरी-कारागिरांस शिस्तीचा उपदेश करूं लागतो. तुम्ही आळशी, तुम्ही उधळे, तुमच्या मनास लगाम नाहीं, म्हणून तुम्ही दरिद्री, हें त्याचें पालुपद. आज आम्हीही शिस्तीविषयींच लिहिणार आहों. परंतु आधीं या आरोपाचा निकाल लावूं.

रात्रीं दोन वाजतां विजेची पाळी आली म्हणजे थंडींत, विंचूकाट्यांतून, उसाला पाणी देण्यास कोण जातो? पहाटेची धार कोणती घरधनीण चुकविते? कुंभाराचा आवा पेटला म्हणजे तो झोंपतो काय? विणकराचा धागा तुटला तर तो उद्यां सांधूं म्हणतो काय? ज्यांच्या अंगीं शिस्त नाहीं त्यांच्या हातून हीं कामें होत नाहींत. तेव्हां शिस्त आमच्यांत आहे. मग बाजाराच्या दिवशीं खिशांत पैसा आला म्हणजे ती कोठें दडी मारते?

आम्हांस याचें कारण असें दिसतें, कीं काम चुकीची शिक्षा लगेच देतें. पैसा ती उधार ठेवतो. धार चुकली तर दुसऱ्याच दिवशीं म्हशीची कास सांगते. आंच कमी पडली तर मडकें कच्चें निघतें. परंतु आज पानटपरीवर उडालेले तीस रुपये आज कांहींच बोलत नाहींत. महिन्याचे ते नऊशें होतात, वर्षाचे दहा हजार नऊशें पन्नास होतात, आणि मग पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे नाहींत म्हणून आपण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसतों. चूक आणि शिक्षा यांत वर्षाचें अंतर पडलें, कीं चांगल्या चांगल्यांचें मन सैल होतें. म्हणून देवळांत शपथा घेऊन उपयोग नाहीं. हें अंतर कमी केलें पाहिजे. वर्षाचा हिशोब रोज रात्रीं समोर आला पाहिजे. त्याला साधन एकच: घरची जमाखर्चाची वही.

वही नसल्यानें काय होतें हें आमच्या वाडवडिलांनीं भोगलें आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें आसपासच्या गांवचे शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें ओढून काढून जाळलीं. त्यांचा मुख्य रोख त्या कागदांवर होता, कारण सावकाराचें बळ त्याच्या दप्तरांत होतें आणि रयतेपाशीं बहुधा स्वतःचें लिखाण नव्हतें. पुढें सरकारी कमिशन बसलें. रयत लग्नकार्यांत उधळते म्हणून बुडते, या म्हणण्यास वाजवीपेक्षां जास्त महत्त्व दिलें गेलें आहे, असें त्या कमिशननेंच नमूद केलें. हें उपदेशकांनीं ध्यानांत ठेवावें. १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्यास पावती व हिशोब मागण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानेंही सावकारास परवाना व हिशोब यांचें बंधन घातलें आहे. परंतु ज्याच्यापाशीं स्वतःचें टिपण नाहीं, त्याला दुसऱ्याच्या हिशोबांतली चूक कशी दिसणार?

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमचे वडील एका दुकानदाराकडून बी-खत उधार आणीत व सुगीला पैसे पोंचते करीत. लिखाण सगळें दुकानदाराच्या वहींत. एका वर्षीं भरलेला एक हप्ता त्या वहींत निघालाच नाहीं. वडिलांनीं शपथ वाहिली. पण शपथेवर तारीख नसते. तो हप्ता पुन्हां भरावा लागला. दुकानदार लबाड होता कीं विसराळू, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं. आमच्यापाशीं वही नव्हती, एवढें मात्र पक्कें ठाऊक आहे.

आतां कोणी म्हणेल, आमचें हातावर पोट, आम्ही काय लिहावें? बाबांनो, ज्याच्यापाशीं थोडें आहे त्यालाच तें कोठें गेलें हें कळण्याची गरज अधिक. दहा रुपयांची वही पुरे. जेवणें झालीं कीं लिहावें. उद्यांवर टाकूं नये, कारण उद्यां आठवत नाहीं. चहा, तंबाखू, मोबाईलचें रिचार्ज, सगळें लिहावें. मोबाईलवरून दिलेला पैसा हाताला लागत नाहीं, म्हणून तो तर आधीं लिहावा. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं लेखणी द्यावी, आणि नवराबायकोनें दोघांनीं ऐकावें. पहिला महिनाभर कोणी कोणास बोलूं नये. बोललें कीं माणूस लपवितो, आणि लपविलेल्या खर्चाची वही म्हणजे खोटी साक्ष. महिनाअखेर एकच खर्च निवडून तेवढाच कमी करावा. एखादा दिवस लिहावयाचा राहिला तर व्रत मोडलें म्हणून वही फेंकूं नये. दुसऱ्या दिवशीं पुढें लिहावें.

खरी कसोटी लागते ती भाऊबंदांसमोर. एकटा असतांना मन आवरणारा मनुष्य पंगतीच्या वेळीं लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढतो. गाडगेबाबांचे वडील दारूपायीं गेले. बाबांनीं १९०५ सालीं घर सोडलें. त्यापूर्वीं संसारांत असतांना मुलीच्या बारशाला त्यांनीं रिवाजाप्रमाणें दारू-मटण न देतां गोड जेवण वाढलें. जातभाई रागावले असतील, पण रागावलेले जातभाई कोणाचें कर्ज फेडावयास येत नाहींत. कार्य ठरतांच आंकडा वहींत लिहून ठेवावा, म्हणजे मांडवांत "नाहीं" म्हणतांना कागदाचा आधार असतो.

वही लिहिल्यानें कांद्याला भाव येणार नाहीं, पाऊसही वेळेवर पडणार नाहीं. त्यासाठीं भांडावयाचें तें भांडलेंच पाहिजे. परंतु स्वतःचा हिशोब ज्याच्या हातांत आहे तो भांडतांना अडखळत नाहीं, आणि त्याला उधळा म्हणणाऱ्याच्या तोंडावर तो आपली वही उघडून ठेवूं शकतो. शिस्त म्हणजे कोणाची ताबेदारी नव्हे. ती आपल्या घराची मालकी आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर पहिली ओळ लिहा.