घराची किंमत आणि पाण्याचे मोल

समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील डोंगराळ पठारावर वसलेल्या यवतमाळात घराचे मोल केवळ जागेवर नव्हे, तर पाण्यावर ठरावयास हवे. २०१८ साली निळोणा व चापडोह हे शहराची तहान भागविणारे जलाशय आटले, तेव्हा टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे कळून चुकले. व्यवहाराला मात्र ते अद्याप कळलेले नाही. शेते अकृषक होतात, ले-आउट पडतात, भूखंड विकले जातात. खरेदीखतात चतुःसीमा असतात. मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात विभागवार दर असतो. नळाला पाणी किती, हे कोठेच लिहिलेले नसते. मग आयुष्याची पुंजी ओतून घर बांधणारा शिक्षक वा कारकून कूपनलिकेसाठी पुन्हा कर्ज काढतो आणि तीही कोरडी लागली की हताश होतो. बेंबळा धरणातून पाणी आणण्याची योजना आखली गेली, हे योग्यच झाले. परंतु येऊ घातलेल्या पाण्याच्या नावावर आजच भाव चढविणे हा ग्राहकाचा विश्वासघात होय. ले-आउटला मंजुरी देतानाच पाण्याचा स्रोत लेखी नमूद करण्याची अट नगर परिषदेने घालावी आणि ती खरेदीदारास दाखविणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. पुढील टंचाईची वाट पाहण्यात शहाणपणा नाही.