परसांतला पाठ : पादप काय पितो?

व्याकरणाचीं उदाहरणें मास्तरांस तोंडपाठ असतात. त्यांचा अर्थ मात्र पुष्कळदां उतारवयांत कळतो. उपपद तत्पुरुष समास शिकवितांना मी तीस वर्षें एकच उदाहरण फळ्यावर लिहीत आलों : ‘पादैः पिबति इति पादपः’. पायांनीं पितो तो पादप, म्हणजे वृक्ष. मुलें तें घोकीत, परीक्षेंत लिहीत आणि गुण मिळवीत. एकदां मागल्या बाकावरच्या एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, पण तो पितो काय?” मीं म्हटलें, “पाणी. दुसरें काय पिणार?” वर्ग हांसला आणि तो मुलगा ओशाळून खालीं बसला. माझें उत्तर अपुरें होतें, हें गेल्या वर्षीं आमच्याच विहिरीच्या कांठीं मला जरा कठोरपणेंच उमजलें. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं वाड्याच्या परसांत आजोबांनीं खणलेली विहीर आहे. एका अंगाला गोठा व उकिरडा, दुसऱ्या अंगाला कुंपणापलीकडे उसाचें शेत. घरांत नळ आला तरी पिण्यास पाणी विहिरीचेंच, असा माझा दंडक. गेल्या वर्षीं धाकट्या सूनबाईला पुत्ररत्न झालें. अंगावरचें दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनीं भुकटीचें दूध सांगितलें. तेव्हां सूनबाई भीतभीत म्हणाली, “मामंजी, बाळाच्या दुधासाठीं नळाचें पाणी घेऊं का?” मला तो पूर्वजांच्या विहिरीचा अपमान वाटला. मीं म्हटलें, “या पाण्यावर चार पिढ्या वाढल्या. तुला शंकाच येत असेल, तर दोनदां उकळून घेत जा.” बिचारीनें तसें केलें.

पंधरा दिवसांनीं बाळाचे ओठ व नखें निळसर, राखट दिसूं लागलीं. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं मूल तपासून पहिला प्रश्न केला तो पाण्याविषयीं. पाणी तपासविलें, तेव्हां त्यांत नायट्रेट नांवाचा क्षार मर्यादेबाहेर निघाला. आपल्याकडील प्रमाणानुसार लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही त्याची पिण्याच्या पाण्यांतील सीमा. मोठ्या माणसांस एरव्हीं त्याचें फारसें जाणवत नाहीं. परंतु सहा महिन्यांच्या आंतल्या अर्भकाच्या पोटांत जंतु त्या नायट्रेटाचें नायट्राइट करितात, आणि तें रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्यास निकामी करितें. अमेरिकेंतील आयोवा प्रांतीं विहिरींच्या पाण्यानें असें घडतें, हें डॉक्टर कॉम्ली यांनीं १९४५ सालींच दाखवून दिलें होतें. आणि उकळून? उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहीं. उलट पाण्याची वाफ होऊन जाते आणि उरलेल्या पाण्यांत क्षार अधिक दाट होतो. ‘दोनदां उकळून घेत जा’ हें वाक्य माझें होतें. डॉक्टर फार सौम्यपणें बोलले. मला मात्र खालीं मान घालून बसावें लागलें.

औषधोपचार झाले, पाणी बदललें, आणि ईश्वरकृपेनें मूल थोड्याच दिवसांत पूर्ववत् झालें. पण हा क्षार विहिरींत आला कोठून, हा प्रश्न मला झोंप येऊं देईना. मोठ्या मुलाची कन्या कृषिमहाविद्यालयांत शिकते. ती सुटीला आली तेव्हां मीं तिला विहिरीपाशीं बसविलें आणि म्हटलें, “आज तूं मास्तर, मी विद्यार्थी.” ती हांसली आणि म्हणाली, “आजोबा, झाडांनीं न प्यालेलें तें विहिरींत आलें आहे. तेव्हां आधीं झाड कसें पितें तें बघूं या.”

व्हॅन हेल्माँट नांवाच्या एका पंडिताचा प्रयोग तिनें प्रथम सांगितला. त्यानें २०० पौंड कोरडी माती कुंडींत घालून त्यांत आपल्या वाळुंजाच्या जातीचें ५ पौंडांचें रोप लाविलें आणि पांच वर्षें त्याला केवळ पाणी दिलें. शेवटीं झाड झालें १६९ पौंडांचें. माती घटली अवघी दोन औंस. १६४८ सालीं छापल्या गेलेल्या ग्रंथांत त्यानें निष्कर्ष काढिला कीं, झाड पाण्याचेंच बनतें. म्हणजे माझें वर्गांतलें उत्तर माझ्याआधीं तीनशें वर्षांहून अधिक काळ कोणी देऊन बसला होता! झाडाचा बहुतेक देह हवेंतील कर्बवायु आणि पाणी यांपासून घडतो, हें पुढें कळलें. पण तुच्छ मानलेल्या त्या दोन औंसांतही मर्म होतें. मातींतून येणाऱ्या द्रव्यांत मुख्य तें नत्र. तें नसेल तर प्रथिन नाहीं आणि पानाचें हिरवेपणही नाहीं.

येथें सृष्टीचा एक विलक्षण न्याय दिसतो. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु, आणि झाड त्यांत आकंठ बुडालेलें. तरी त्यास त्यांतला कणही थेट घेतां येत नाहीं. तें मातींत नायट्रेटाच्या किंवा अमोनियाच्या रूपानें मिळावें लागतें. शेणखतांतील नत्राचें प्रथम अमोनिया होतें आणि मग जंतु त्याचें नायट्रेट करितात. हें काम जिवंत जंतूंचें आहे, हें फ्रान्सांत श्लेझिंग व म्युंट्झ यांनीं १८७७ सालीं सिद्ध केलें. रेतीच्या नळींतून झिरपणाऱ्या सांडपाण्यांत नायट्रेट तयार होत होतें. तिच्यांत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें. निर्जीव रसायनाला क्लोरोफॉर्मची गुंगी थोडीच येणार? आपल्या जुन्या भिंतींवर, गोठ्याच्या कडेला, पांढरा सोरा फुलतो, तो याच जंतूंच्या उद्योगाचा.

आतां मूळ पितें कसें तें पाहूं. माझी समजूत अशी होती कीं, वात जशी तेल शोषिते तसें मूळ क्षार शोषीत असेल. तसें नाहीं. मुळावरील केसाएवढ्या तंतूंच्या पेशींत आंतल्या बाजूस ऋण विद्युत् असते आणि नायट्रेटाचा कणही ऋण. दोन ऋणें एकमेकांस लोटतात. शिवाय बाहेर नायट्रेट विरळ आणि आंत दाट. म्हणजे हा चढाचा रस्ता झाला. म्हणून पेशी प्रथम आपली शक्ति खर्चून हायड्रोजनचे धन कण बाहेर ढकलते. ते धन कण आंत परत यावयास धडपडतात, आणि त्यांना जीं दारें ठेविलीं आहेत त्यांचा नियम असा कीं, एका नायट्रेटाला सोबत घेतल्यावांचून प्रवेश नाहीं. बहुधा दोन धन कण मिळून एक नायट्रेट आंत आणितात. यांतलें पहिलें दार १९९३ सालीं मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपांत सांपडलें. युक्ति मोठी नामी होती. नायट्रेटासारखें दिसणारें क्लोरेट नांवाचें द्रव्य रोपांना पाजलें. तें त्याच दारानें आंत शिरून रोपास मारितें. जीं रोपें जगलीं त्यांचें दारच बिघडलेलें, हें उघड झालें. पुढें असेंही दिसलें कीं, हें दार मातींत नायट्रेट किती आहे याची चाहूलही घेतें आणि दुष्काळ-सुकाळ पाहून आपली पकड बदलितें.

ही सारी शक्ति येते कोठून? पानांनीं उन्हांत केलेली साखर खालीं मुळांकडे उतरते, आणि मूळ ती प्राणवायूच्या साह्यानें जाळतें. म्हणून मातींत हवा हवी. शेतांत पाणी तुंबलें कीं पीक पिवळें पडतें, हें आपण पाहतों. पाण्यांत उभें राहून तें उपाशी असतें. मुळाला श्वास नाहीं तर घासही नाहीं. भात याला अपवाद, कारण तो आपल्या देठांतील पोकळ वाटांनीं मुळांस हवा पोंचवितो आणि चिखलांत मिळणाऱ्या अमोनियावर गुजराण करितो.

नायट्रेट म्हणजे शिधा; अन्न नव्हे. तो शिजवावा लागतो. कांहीं झाडें, विशेषतः पुष्कळसे वृक्ष, तो बराचसा मुळांतच शिजवितात. आपलीं बहुतेक पिकें मात्र तो वर पानांकडे धाडतात. तेथें पहिला पाचक रस नायट्रेटाचें नायट्राइट करितो. त्यास मॉलिब्डेनम नांवाची धातु लेशमात्र लागते, आणि ती नसली तर फुलकोबीचीं पानें अरुंद, चाबकासारखीं होतात. नायट्राइट झाडासही विषच, म्हणून तें क्षणभर न ठेवितां हिरव्या कणांत नेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याचें अमोनिया करितात, आणि लगेच त्याचीं प्रथिनांचीं बीजद्रव्यें बनवितात. ऊन गेलें कीं पहिला पाचक रस कांहीं मिनिटांतच आवरता घेतला जातो. मग उरलेला शिधा पेशींच्या कोठारांत पडून राहतो. त्यामुळें ढगाळ दिवसांत, किंवा भरमसाट खत देऊन, वाढविलेल्या पालकांत नायट्रेट अधिक सांठतें, आणि पानापेक्षां देठांत जास्त. गृहिणींनीं घरची पालेभाजी पहांटेऐवजीं दिवस उतरतांना खुडली तर तें पुष्कळ अंशीं कमी असतें.

शेतकरी हल्लीं पानांवरही खत फवारितात. पानाच्या मेणचट कातडींतून युरिया लौकर शिरतो, नायट्रेट सावकाश. पण पान हें कांहीं मुख्य मुख नव्हे. अडचणीच्या वेळीं तेथून चार घांस देतां येतात, इतकेंच. द्रावण दाट झालें किंवा भर उन्हांत फवारलें, तर पानच करपतें.

“आणि विहीर?” मीं विचारिलें. नात म्हणाली, “आजोबा, मातीचे कणही ऋण असतात. अमोनियाला ते धरून ठेवतात, नायट्रेटाला धरीत नाहींत. मुळांनीं वेळेवर उचललें तर ठीक. नाहीं तर पावसाबरोबर तें थेट खालीं.” उसाचीं मुळें लहान असतांनाच युरियाचीं पोतीं एकदम ओतावयाचीं, उकिरडा विहिरीला खेटून, वर पावसाळा. रोप किती पिऊं शकतें, हें न पाहतां आम्ही वाढीत गेलों, आणि पानांत टाकलेलें अन्न उष्ट्याच्या रूपानें आमच्याच विहिरींत उतरलें. चार पिढ्यांचा दाखला मीं दिला होता खरा. पण त्या चार पिढ्यांत युरिया नव्हता, आणि अर्भकें आईच्या दुधावर होतीं, हें मीं विसरलों.

आतां उकिरडा परसाच्या दूरच्या टोंकाला नेला आहे आणि तळाला फरशी घातली आहे. शेजारच्या शेतकऱ्यानेंही माझी विनवणी मानून खत तीन-चार हप्त्यांत विभागून देण्याचें ठरविलें आहे. विहिरीचें पाणी झाडांना जातें. त्यांतलें नायट्रेट केळी व अळू आनंदानें पितात. खालचें पाणी निवळावयास वर्षें लागतील. ज्यांच्या घरीं तान्हें मूल आणि शेताजवळची विहीर आहे, त्यांनीं पाणी एकदां तपासून घ्यावें. उकळण्यावर किंवा साध्या गाळणीवर विसंबूं नये.

सूनबाईची मीं क्षमा मागितली. सासऱ्यानें सुनेची क्षमा मागावी हें आमच्या घरांत नवें होतें, ती गोंधळून “मामंजी, असें काय बोलतां?” म्हणाली आणि आंत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशीं माझ्या पूजेच्या कलशांत तिनें न विचारतां नळाचें पाणी भरून ठेविलें, आणि मीं तें मुकाट्यानें घेतलें. राहिला तो मागल्या बाकावरचा मुलगा. त्याचा प्रश्न योग्य होता, आणि वर्ग त्याला हांसला तेव्हां मींही हांसलों होतों.